सूनबाईची लाईन

त्या दोन डब्यांतून कुणाला काय मिळणार, हे मी डबे उघडायच्या आधीच मनात मांडून ठेवलं होतं. कसंही मांडलं तरी सगळ्यांत मोठी जमा शेवंतावहिनीच्या नावावर पडत होती. सून घरात राहिली की स्वयंपाकाला दोन हात जास्त, नात मांडीवर, दुपारी बोलायला माणूस आणि गुडघ्यांना विसावा. शिवाय हळदीकुंकवाला गेल्यावर सांगायला, आमची सून घरात बसून अमेरिकेचं काम करते. दादाला भरलेलं घर मिळणार होतं. मलाही आयता चहा मिळणार होता. सुनेला काय मिळणार, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"मालन, ह्यातलं इंटरनेट कुठलं?" दादानं दोन्ही डबे टेबलावर मांडून विचारलं.

"दोन्ही मिळून."

"मग दोन कशाला? एकात बसत नव्हतं?"

"हा मोडेम. टेलिफोनच्या तारेतनं नेट वेगळं काढून देतो. आणि हा राऊटर. तो ते घरभर वाटतो."

"म्हणजे एकानं कमवायचं, दुसऱ्यानं वाटायचं."

"आपल्या घरासारखंच," मी म्हटलं. "तू कोइमतूरला कमवत होतास, वहिनी इथं वाटत होत्या."

दादा हसला. वहिनी उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आमच्या विट्याकडे हे नवीन नाही. इथली माणसं सोनं गाळायला देशभर जातात. गलाईचा धंदा म्हणतात त्याला. दादाही तसाच गेला. लग्न झालं, धैर्यशील झाला आणि दादानं कोइमतूरला भट्टी टाकली. आमची आई आजारी, शेत होतं, आणि मी नवऱ्याशी न पटून माघारी आलेली. तेव्हा वहिनी इथंच राहणार हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. दादा वर्षातून एकदा गावच्या जत्रेला यायचा. आई गेली, मग काही वर्षांनी दादा भट्टी विकून कायमचा आला. मी तोवर पतसंस्थेत कॅशियरची शाखाधिकारी झाले होते. शाखेतलं नेट मीच जोडून घेतलं होतं, एवढ्या भांडवलावर घरातल्यांनी मला इंजिनियर ठरवलं होतं.

आता प्रश्न सुनेचा होता. उत्कर्षा पुण्यात एका कंपनीत कामाला होती. अमेरिकेतले डॉक्टर बोलून ठेवतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि टाईप करायचं. धैर्यशीलची नोकरीही पुण्यातच. बाळंतपण झाल्यावर ती इकडे आली ती आमच्याकडेच राहिली. रजा संपत आली तेव्हा कंपनीनं कळवलं, घरून काम करता येईल, पण आधी एक दिवस लाईन तपासू. दुपारी दोन ते सहा. तेवढ्या वेळात नेट सारखं तुटलं तर ऑफिसला हजर व्हायचं.

ही बातमी कळल्यावर दादाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. "बघ, देवालाच पोरीनं घर सोडलेलं नको हाय!" धैर्यशील तिकडून फोनवर "बघू, पप्पा, बघू" करत राहिला. बापासमोर त्याचं वाक्य कधी पुरं झालेलं मी ऐकलं नाही. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं.

"आणि नाही चालली लाईन तर?"

दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "चालली तर सूनबाई हितंच. न्हाई चालली तर धैर्यानं घेऊन जावं. माझा शब्द."

गलाईवाल्यांत शब्दाला फार किंमत. लोक किलोनं सोनं हातात ठेवून जातात ते शब्दावरच. दादाचा शब्द फिरलेला गावात कुणी पाहिला नव्हता, म्हणून उत्कर्षानं त्या क्षणी त्याच्याकडे पाहिलं ते मला आठवतं. नुसतं पाहिलं आणि बाळाचा लंगोट बदलायला घेतला.

टेलिफोनचा लाईनमन आदल्या दिवशी येऊन तार जोडून गेला होता. जाताना त्यानं दोन पांढऱ्या डब्या दिल्या. "एक ह्या फोनला लावलीय. बोलणं आणि नेट वेगळं करती ती. घरात आणि कुठं फोन असला तर त्याला दुसरी लावा. न्हाईतर तो उचलला की नेट गेलं म्हणून समजा."

दादा काही बोलायच्या आत चहाचा कप पुढं करत वहिनी म्हणाल्या, "एकच हाय."

मी दुसरी डबी पर्समध्ये टाकली. शाखेत कधी उपयोगी पडेल, असा विचार.

जोडणी सोपी नव्हती. दादा मदतीला होता. राऊटरच्या पाठीला चार पिवळी भोकं आणि एक निळं. मोडेमकडून आलेली तार निळ्यात घालायची. मी वळले तेवढ्यात दादानं ती पिवळ्यात घातली.

"अरे, निळ्यात!"

"ते एकटंच हाय बाजूला. चार भावांत बसलेलं बरं."

"दादा, हात काढ."

तार निळ्यात गेली, तरी नेट येईना. शोधता शोधता कळलं, दोन्ही डब्यांनी आपला पत्ता एकच सांगितला होता. मी राऊटरचा पत्ता बदलला.

"काय झालं होतं?" उत्कर्षानं विचारलं.

"एका घरात दोन कारभारणी. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं."

"मग?"

"धाकटीला बाजूला सरकवलं."

ती कसनुसं हसली. मग तिनं कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड वाचून दाखवला, मी तो राऊटरमध्ये भरला, आणि मोडेमवरचा लाईनचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. त्याच्या शेजारचा नेटचाही लागला. दादानं दोन्ही डब्यांना हात जोडले, आणि उठून देव्हाऱ्यातली चिमूटभर हळद आणून राऊटरला लावली.

दुपारी दोनला उत्कर्षा कानाला यंत्र लावून बाहेरच्या सोप्यातल्या टेबलाशी बसली. बाळ झोळीत होतं. दादा खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. पंख्याचा वारा तारेला लागतो म्हणून त्यानं पंखा बंद केला. मग पोरीला गरम होतं म्हणून लावला. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टरचं पाणी बघून आला. मी दिव्याकडे बघत बसले होते. उत्कर्षाची बोटं चालत होती आणि टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. टाईप करणारं माणूस हातानं काम करतं, पायानं विचार करतं.

थोड्या वेळानं लाईनचा दिवा लुकलुकला. नेटचा गेला.

"गेलं," उत्कर्षा म्हणाली.

"हात कुणी लावला?" दादा उठला.

"कुणी नाही. बस. येईल."

दिवा स्थिर झाला, नेट आलं. दादानं श्वास सोडला. उत्कर्षा पुन्हा टाईप करायला लागली. जरा वेळ बरा गेला आणि पुन्हा तेच. मी तारा दाबून पाहिल्या. मोडेम बंद करून चालू केला. पांढरी डबी काढून फुंकर मारून लावली. नेट आलं, राहिलं, गेलं.

"ही तार भिजलीय का बघ खांबावर," दादा म्हणाला. मग स्वतःच अंगणात जाऊन खांबाकडे डोळे लावून उभा राहिला. तिथून ओरडला, "आलं का?"

"आलं!"

"मग मी हितंच उभा ऱ्हातो!"

पुढच्या वेळी तो खांबाखाली असतानाच गेलं. तो आत आला तो घामाघूम. पुण्याहून उत्कर्षाच्या साहेबिणीचा मेसेज आला, लाईन वारंवार तुटते आहे, कृपया पाहा. तिनं तो वाचून दाखवला. आवाज सरळ होता, पण पाय थांबला होता.

"आत्या, काही करता येईल?" तिनं मला विचारलं. प्रश्न दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं होता.

कॅशमध्ये तूट आली की नवशिके पुन्हा नोटा मोजायला बसतात. मी आधी माणसं मोजायची. कोण होतं, कोण नव्हतं. मी सोप्यात नजर फिरवली. दादा होता. उत्कर्षा होती. बाळ झोळीत. पहिल्यांदा नेट गेलं तेव्हा वहिनी दूध बघायला उठल्या होत्या. दुसऱ्यांदा त्या वाळवण हलवायला गेल्या होत्या. आता त्या पुन्हा नव्हत्या, आणि चुलीकडून कसलाच आवाज येत नव्हता.

मी पर्स उचलली आणि आत गेले.

स्वयंपाकघर रिकामं. परसात कुणी नाही. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आई गेल्यापासून तिथं गोधड्या आणि धान्याच्या कणग्या ठेवत होतो. मी दार ढकललं. वहिनी लोखंडी पेटीवर बसल्या होत्या. मांडीवर तांबडा फोन, रिसीव्हर कानाला. आईच्या उशाशी असायचा तो. सोप्यातल्या फोनचीच तार आतपर्यंत ओढलेली होती. पॅरलल म्हणायचो आम्ही. आई गेल्यावर तो काढला, असं मी धरून चालले होते. नुसता गोधड्यांखाली गेला होता.

"कुणाचा फोन, वहिनी?"

"कुणाचा न्हाई."

"मग?"

"उचलून धरलाय."

मी दार लावून घेतलं. "तुम्हाला कळतंय का, ह्यानं काय होतंय?"

"तो तारवाला सांगून गेला की. तुमच्यापरीस सोपं सांगितलं त्यानं."

"अहो, पण उत्कर्षा राहिली तर फायदा तुमचाच आहे!"

"माझाच हाय," त्या म्हणाल्या. "तुमी जमा बराबर मांडता, वन्सं. खर्चाची बाजू मोकळीच ठिवता."

पर्समधली पांढरी डबी माझ्या हाताला लागली होती. ती त्या फोनला लावली असती तर वहिनींनी दिवसभर रिसीव्हर धरून ठेवला असता तरी नेट हललं नसतं. एका हाताचं काम.

"ह्या फोनवर आत्याबाई असायच्या, ठावं हाय न्हवं?"

"हो. आईला दादाचा आवाज कानावर पडावा म्हणून घेतला होता."

"तेंचा पडायचा तसा माझाबी पडायचा की." वहिनी रिसीव्हर कानापासून न काढताच बोलत होत्या. "रविवारी ह्यांचा फोन यायचा. मी सोप्यात उचलायची, आत्याबाई हितं. हे म्हणायचे, बरी हाईस? मी म्हणायची, बरी हाय. मग तिसरा श्वास ऐकू यायचा. मग हे इचारायचे, पाऊस झाला का." त्या हसल्या. "पावसाचं लई बोललो आमी. आन् कायमचे घरी आले तवा बगितलं तर पाऊस सोडून बोलायला दुसरं काय न्हवतंच. आता घरात दोघं असलो की हे पेपर वाचत्यात आन् मी लसूण सोलते. एवढा लसूण कुणाला लागतो?"

"उत्कर्षाकडे मोबाईल आहे, वहिनी. तो जमाना गेला."

"गेला? पोरगी रोज न्हाणीत जाऊन नळ सोडती आन् नवऱ्याशी बोलती. नळ सोडून, वन्सं! आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. टाकी रिकामी हुतीय, मला दिसतंय. मी काय म्हणत न्हाई."

मला ते माहीत नव्हतं. पाण्याचं बिल का वाढलं म्हणून मी मात्र त्याच आठवड्यात घरभर ओरडले होते.

"तिला सांगायचं होतं ना तोंडानं, मला जायचंय म्हणून."

"तुमी सांगितलं असतं? तुमच्या दादांना? तोंडावर?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ती म्हणाली असती तर हे ऐकून हट्ट धरून बसले असते. ह्यांना हरवायचं आसंल तर शब्दानंच."

सोप्यातून दादाचा आवाज आला, "मालन! परत गेला दिवा! थांब, मीच एक्स्चेंजला फोन लावतो!"

मी वहिनींना खूण केली, ठेवा, ठेवा. त्यांनी ठेवला नाही. खट्ट झालं, आणि त्या तांबड्या रिसीव्हरमधून दादाचा आवाज मलाही ऐकू आला, लहान, लांबून आल्यासारखा.

"हॅलो? एक्स्चेंज?"

वहिनींची बांगडी रिसीव्हरवर वाजली.

"कोण हाय?" दादा म्हणाला.

"मी हाय."

"शेवंता? कुठनं बोलतीयस?"

"आत्याबाईंच्या खोलीतनं."

दादाचा श्वास ऐकू येत होता. मी माझा धरून ठेवला होता.

"लाईनवर आणि कोण हाय?" त्यानं विचारलं. आवाज खाली आणून विचारलं.

"कोण न्हाई. आपून दोघंच."

"हं."

"पाठवा तिला. धैर्याजवळ."

"नात जाईल."

"जाईल."

"तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं कवापासनं तुमाला?" वहिनी म्हणाल्या, पण भांडल्यासारखं नाही. बरीच वर्षं ठेवणीतलं काहीतरी काढून दाखवल्यासारखं. "ऱ्हाऊ दे. पाठवा."

तिकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. वहिनींनीही ठेवला आणि फोन पुन्हा गोधड्यांखाली सरकवला.

मी सोप्यात आले तेव्हा दादा फोनपाशी पाठमोरा उभा होता. मोडेमचा दिवा स्थिर झाला होता. उत्कर्षा दिव्याकडे आणि दादाकडे आळीपाळीनं बघत होती.

"पप्पा, आलंय परत. आता राहील बहुतेक."

"न्हाई ऱ्हायचं," दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा व्यापाऱ्याचा झाला होता, वजन करून झाल्यावर असतो तसा. "मालन, तू जाणकार. ह्याला करण्यासारखं काय हाय का?"

त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरी त्यानं विचारलं, सुनेदेखत. पर्स माझ्या काखेत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "खांबापासूनच खराब आहे."

"मग झालं." तो खुर्चीत बसला. "सूनबाई, धैर्याला फोन लाव. म्हणावं, सुट्टी काढून ये आन् दोघींना घेऊन जा."

"पण पप्पा, लाईनमनला परत एकदा..."

"शब्द दिला हुता. लाईन चालली न्हाई."

उत्कर्षानं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मोबाईल उचलला. सवयीनं न्हाणीकडे दोन पावलं गेली, मग थबकली, आणि अंगणात सगळ्यांसमोर उभी राहून धैर्यशीलशी बोलली. काय बोलली ते सगळ्यांना ऐकू आलं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. घ्यायला ये, एवढंच ती तीन प्रकारांनी म्हणाली आणि रडली.

वहिनी चहा घेऊन आल्या. दादाच्या हातात कप देताना म्हणाल्या, "साखर कमी हाय."

"चालतीय," दादा म्हणाला.

धैर्यशील गाडी घेऊन आला आणि ती मंडळी गेली. गाडी वळेपर्यंत वहिनी दारात हसत उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी झोळी सोडली, धुतली आणि वाळत घातली. भावकीत दादाला बोलणी खावी लागली. म्हाताऱ्या बायकोला राबवतो आणि सुनेला मोकळी सोडतो, असं एका चुलत्यानं तोंडावर म्हटलं. दादानं ऐकून घेतलं. नात दिवाळीला आली तेव्हा वहिनींनी तिला उचलायला हात पुढं केले, तर तिनं बापाच्या खांद्यात तोंड खुपसून गाव गोळा होईल असा आक्रोश केला. "रडू दे, रडू दे," वहिनी म्हणाल्या. "बाप कोण ते तरी कळतंय पोरीला." आणि करंज्या तळायला आत गेल्या. मी आत गेले तेव्हा झाऱ्या त्यांच्या हातात होता आणि कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या होत्या.

त्या थंडीत वहिनी न्हाणीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. सांगलीला नेऊन आत सळी घातली. घरी आणल्यावर उत्कर्षाचा फोन आला, मी सुट्टी टाकून येते, महिनाभर राहते. वहिनी खाटेवरून मोबाईलवर म्हणाल्या, "अगं, पाय मुरगळलाय नुसता. वन्सं तिळाचा ताड करत्यात. तू काय येऊ नगंस. हितं हायत की तुझे सासरे."

आणि ते होते. इतक्या वर्षांत घरात कुणाला माहीत नव्हतं की दादाला स्वयंपाक येतो. कोइमतूरला एकटा राहून शिकला होता. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तो सकाळी भात आणि सांबार करायचा आणि ताट खाटेशी नेऊन ठेवायचा.

"ह्यात चिंच लई झाली," वहिनी म्हणायच्या.

"तिकडं अशीच घालत्यात."

"तिकडं म्हंजे कुठं? खानावळीत?"

"न्हाई, शेजारी एक म्हातारी हुती..." आणि मग तो त्या म्हातारीचं सांगत बसायचा. मी दाराशी थांबले की तो बोलायचा थांबायचा, म्हणून मी थांबायची नाही.

आता एवढ्या वर्षांनी मांडून पाहते. धैर्यशीलला बायको मिळाली, नातीला बाप मिळाला. उत्कर्षाला तिचं घर मिळालं. तिथं ती नवऱ्याशी मोठ्या आवाजात भांडते, असं ऐकते. ती लाईन खांबापासून खराब होती, हेच तिला अजून वाटतं. वहिनींनी मला शपथ घातली होती. भावकीतली बोलणी आणि सहा महिन्यांचा स्वयंपाक दादानं भरला. कुबडी, जड झालेली उंबऱ्याची पायरी, मोकळी झोळी आणि त्यांना न ओळखणारी नात, हे सगळं वहिनींनी भरलं, आणि एकदाही कुणाकडे बाकी मागितली नाही.